बाबांची कॅरिबूची शिकार

बॉथेल गावातल्या आमच्या घरात पाच वर्षं एकच विषय होता, आणि तो माझ्या आईला कधीच आवडला नाही. बाबांना अलास्कात जाऊन कॅरिबूची शिकार करायची होती. कॅरिबू म्हणजे तिकडचं मोठं हरीण. अंगाने गाईएवढं नाही, पण डोक्यावर झाडाच्या वाळक्या फांद्या बांधाव्यात तशी शिंगं, आणि कळपाने शेकडो मैल चालत राहणारं. हे वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे एखादा धिप्पाड, रुबाबदार शिकारी उभा राहत असेल, तर माझे बाबा तसे मुळीच नव्हते. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत ते तपासनीस होते. दिवसभर भिंगाखाली बारीक नळ्या बघायच्या आणि दोष असलेली नळी बाजूला काढायची, हे त्यांचं काम. बुटके, किरकोळ, पावसाळी हवेत सतत शिंकणारे. बाथरूममध्ये कोळी निघाला तर त्याला कागदावर घेऊन अंगणात सोडून यायचे. नागपूरहून आम्ही इथे आलो तेव्हा मी सहा वर्षांची होते. तेव्हापासून मी त्यांना स्वतःसाठी शर्टसुद्धा आपणहून विकत घेताना पाहिलं नव्हतं.

सुरुवात झाली ती वॉल्टरमुळे. वॉल्टर कंपनीत बाबांच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. बाबांहून दहा वर्षांनी मोठा, बायको वारलेली, मुलगी ॲरिझोनात. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याने बाबांना आपल्या जुन्या अलास्का-ट्रिपचा व्हिडिओ दाखवला. कॅरिबूंचा कळप एक उथळ नदी ओलांडत होता, एवढंच होतं त्यात. बाबा घरी आले आणि चहाचा कप हातात घेऊन ओट्यापाशी उभेच राहिले. "शैला, हजारो होते गं," ते म्हणाले. "एकामागून एक. कुणी कुणाला ढकलत नव्हतं." आई पोळ्या लाटत होती. "मग बघून या की," ती म्हणाली, "मारायचं कशाला?" मारण्याचा विषय तोवर निघालाही नव्हता. वॉल्टर दर हिवाळ्यात स्वतः केलेल्या शिकारीचं मांस डब्यात आणतो हे तिला ठाऊक होतं, त्यावरून तिने पुढचं ओळखलं असावं. बाबा कप घेऊन हॉलमध्ये गेले. पुढे एकदा गाडीत, मी न विचारताच ते मला म्हणाले, "नुसतं बघायला जातो तो पाहुणा असतो, मनू. इथे येऊन इतकी वर्षं झाली, मी अजून पाहुणाच आहे."

अशा ट्रिपला किती तयारी लागते हे मला त्या पाच वर्षांत कळलं. सरावलेले लोक आपापले जातात, पण बाबांनी जन्मात बंदूक धरलेली नव्हती, तेव्हा गाइड घेणं भाग होतं. गाइडचे दर ऐकून आई त्या दिवशी जेवली नाही. आमच्या दोन्ही जुन्या गाड्या विकल्या असत्या तरी तेवढे पैसे उभे राहिले नसते. आणि ते नुसते गाइडचे. परवाना वेगळा, छोट्या विमानाचं भाडं वेगळं, मांस परत आणायचं वेगळं, हवा बिघडून अडकून पडलात तर तिकडच्या गावातल्या मुक्कामाचे वेगळे. बाबांनी शनिवारचा ओव्हरटाइम धरला. बाहेर जेवणं बंद झालं. गाडीचा हीटर बिघडला तो दोन हिवाळे तसाच राहिला. मी मांडीवर शाल घेऊन शाळेत जायची. आणि इंडियाची वारी लांबत गेली. ती बाबांनी कधी नको म्हटली नव्हती, पण तिकिटांचे आकडे बघून आईच दर वर्षी म्हणायची, "पुढच्या वर्षी बघू." शेवटी तिला माहेरी जाऊन चार वर्षं झाली होती.

ते घर आठवलं की मला आधी त्याचे आवाज आठवतात. आमच्याकडे पाऊस कोसळायचा नाही, तो दिवसचे दिवस नुसता लागून राहायचा. गॅरेजमध्ये ओल ओढून घेणारं यंत्र घुरघुरत असायचं. आईच्या कुकरची शिट्टी, पोळपाटाचा खडखडाट, आणि हॉलमध्ये बाबांच्या नव्या बुटांचा करकर आवाज. ते बूट पायात बसावेत म्हणून बाबा घरभर ते घालून फिरायचे, पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून. आई मान वर न करता म्हणायची, "मला त्यातली एक पिशवी आज लागणार आहे." रविवारी बाबा, वॉल्टर आणि मी नेमबाजीच्या मैदानावर जायचो. आई आमच्याबरोबर थालीपीठं आणि चहाचा थर्मास द्यायची, पण दारापर्यंत यायची नाही. बाबा एरवी दिवसभरात वीस वाक्यं बोलत नसतील. त्या मैदानावरून परत येताना मात्र ते बोलायचे: लहानपणाबद्दल, त्यांच्या वडिलांबद्दल, वारा कुठून आला की गोळी किती सरकते त्याबद्दल. मी एकुलती एक होते, शाळेत फारशा मैत्रिणी नव्हत्या, आणि आठवड्यात कुणी माझ्याशी मनापासून बोलायचं ते तेवढा पाऊण तास.

फोनचं काम माझ्याकडे होतं. समोरचा "पार्डन?" म्हणाला की बाबांचा आवाज बसायचा. वॉल्टरने त्यांना शिकवलं होतं की गाइड निवडताना त्याच्याकडे रिकाम्या हाताने परतलेल्या लोकांचे नंबर मागायचे. खूश झालेले सगळे सारखंच बोलतात. बाबा पाकिटांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत प्रश्न लिहायचे आणि मी ते इंग्रजीत विचारायची. "हवेमुळे किती दिवस वाया गेले? मांस कोण उचलतं? तंबू गळतात का?" अशा नऊ-दहा जणांशी बोलून आम्ही रॉय नावाच्या गाइडवर आलो. तो अलास्कातल्या एका लहानशा गावात राहायचा. आवाज खरखरीत, बोलणं संथ. तो मला "बाबांची सेक्रेटरी" म्हणायचा. अर्धे पैसे भरून दोन जागा धरल्या, बाबांची आणि वॉल्टरची. उरलेले अर्धे निघण्याआधी दोन महिने भरायचे होते.

त्या वसंतात वॉल्टर जिन्यावरून घसरला आणि त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं. "यंदा पोरीला ने," तो बाबांना म्हणाला. "पुढच्या वेळी मी आहेच." शिकार न करणाऱ्या सोबत्याला रॉय निम्मा दर लावायचा, आणि त्याने वॉल्टरच्या जागेवर माझं नाव घातलं. माझं हायस्कूल संपलं होतं, सप्टेंबरच्या शेवटी कॅलिफोर्नियात कॉलेज सुरू होणार होतं. मला अजून तो आनंद आठवतो, आणि आता आठवताना त्याची लाजही वाटते. बाबांबरोबर दहा दिवस. मी अंथरुणावर मोजे, टोप्या, जलरोधक पँट मांडून ठेवायची आणि पुन्हा आवरायची.

जूनच्या शेवटी नागपूरहून मामाचा फोन आला. आजीच्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या. डॉक्टर म्हणत होते, दोन महिने, कदाचित सहा. सांगता येत नाही. आईने फोन ठेवला आणि भिजत घातलेली मटकी उपसायला लागली. रडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा मला गॅरेजमध्ये घेऊन गेले. शुक्रवारी उरलेले पैसे भरायची मुदत होती. "रॉयला विचार," ते म्हणाले, "पुढच्या वर्षावर ढकलता येईल का. भरलेले पैसे राहू देत त्याच्याकडे. उरलेल्यात शैलाचं तिकीट होईल, आणि हॉस्पिटलला थोडे पाठवता येतील."

मी स्वयंपाकघरातल्या फोनवरून रॉयला फोन लावला. बाबा गॅरेजच्या दारात उभे होते. रॉयने सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, "आईची आई म्हणजे थट्टा नाही. तुझ्या बाबांना म्हणावं, अजिबात काळजी करू नका. पैसे माझ्याकडे राहतील, पुढच्या सप्टेंबरात या. तोवर त्या वॉल्टरचा गुडघाही बरा होईल, मग दोघे मित्र मिळून या." मी त्याचे आभार मानले आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?" बाबांनी विचारलं.

"नाही जमणार म्हणतो," मी म्हणाले. "आत्ता कॅन्सल केलं तर भरलेले सगळे जातील."

हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. मी आजवर अनेकदा स्वतःला तपासून पाहिलं आहे आणि एवढं नक्की सांगू शकते, की फोन ठेवेपर्यंत मी खरंच सांगणार होते. पण "दोघे मित्र" हे शब्द कानात होते, आणि तोंडातून ते निघालं. बाबांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, मग मान हलवली. त्यांना माझ्यावर शंका घ्यायची सवयच नव्हती.

त्यांनी आईला सांगितलं, आणि लगेच म्हणाले, "तुझं तिकीट क्रेडिट कार्डावर काढू." आईने नको म्हटलं. माझ्या कॉलेजची फी तोंडावर होती, मामाला पैसे पाठवायचे होते. "भरलेले पैसे पाण्यात घालायचे आणि वर कर्ज काढायचं?" ती म्हणाली. "तुम्ही जाऊन या. मी ऑक्टोबरात जाईन. आई तोवर आहे." मी जिन्यावर बसून हे ऐकत होते. तेव्हाही बोलता आलं असतं. त्या जुलैत आणि ऑगस्टात मला असे किमान पन्नास दिवस मिळाले.

आई चिडून बसली असती तर मला सोपं गेलं असतं. पण एकदा जायचं ठरल्यावर तीच तयारीला लागली. छोट्या विमानात माणशी किती वजन चालतं ते तिने मला दोनदा विचारून घेतलं. उपमा आणि खिचडी शिजवून, वाळवून, एकेका जेवणाच्या पुड्या बांधल्या. दशम्या केल्या. प्रत्येक पुडी ती काट्यावर ठेवायची आणि वर पेनाने वार लिहायची. मध्येच नागपूरला फोन लागला की आजीला मोठ्याने सांगायची, "ऑक्टोबरात येते गं आई, ऑक्टोबरात." आजीला ऐकू कमी यायचं, म्हणून ते वाक्य आम्हाला घरभर ऐकू यायचं.

अँकरेजपर्यंत मोठं विमान, पुढे एका गावापर्यंत लहान, आणि तिथून रॉयच्या ओळखीच्या पायलटचं त्याहून लहान विमान. त्याने आम्हाला एका खडकाळ टेकाडावर उतरवलं आणि तो परत गेला. तिथे झाड नव्हतं. लाल-पिवळी, गुडघ्याखालची झुडपं आणि पाय रुतेल अशी स्पंजासारखी जमीन, जिकडे बघाल तिकडे तेवढंच. फोनला रेंज असण्याचा प्रश्नच नव्हता. पहिले दोन दिवस आम्ही दुर्बिणी लावून बसलो आणि काही दिसलं नाही. बाबांना थंडीने बोटं वाकवता येत नव्हती, पण ते इतके खुशीत मी कधी पाहिले नव्हते. आईच्या खिचडीत उकळतं पाणी घालून त्यांनी ती रॉयला खायला दिली आणि "माय वाइफ" असं म्हणून छातीवर हात ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून धुकं होतं म्हणून आम्ही तिघं मोठ्या तंबूत बसून होतो. रॉयने कॉफी केली. बोलता बोलता त्याने बाबांना विचारलं, "तुमच्या सासूबाई आता कशा आहेत?" बाबा म्हणाले, आजारी आहेत, बायको पुढच्या महिन्यात जाईल. रॉयने मान हलवली. "तुम्ही यंदाच आलात याचं मला जरा आश्चर्य वाटलं," तो म्हणाला. "मी तर तुमच्या मुलीला सांगितलं होतं, खुशाल पुढच्या वर्षी या."

तंबूच्या कापडावर वारा आपटत होता. बाबांनी कॉफीचा कप जमिनीवर ठेवला. तो कलंडू नये म्हणून दोन्ही हातांनी नीट बसवला. मग ते रॉयला म्हणाले, "येस. शी टोल्ड मी."

आणि पुन्हा कप उचलला. माझ्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने ते पाणी आणायला ओढ्यावर निघाले, मी मागे गेले. मला वाटलं आता ते बोलतील, ओरडतील. मी तयार होते. त्यांनी बाटल्या भरल्या, एक माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "झाकण घट्ट लाव." मग ते तंबूकडे चालू लागले.

चौथ्या दिवशी कॅरिबू आले. हजारो नव्हते. अकरा होते, टेकाडाच्या कडेने खाली मान घालून चाललेले. रॉयने बाबांना त्यातला मोठा नर दाखवला. बाबा पालथे पडले, सॅकवर बंदूक टेकवली, आणि इतका वेळ थांबले की रॉयने माझ्याकडे वळून पाहिलं. मग गोळी सुटली. नर चार पावलं चालला आणि बसला, दमल्यासारखा. रॉयने बाबांची पाठ थोपटली. बाबा "थँक यू, थँक यू" म्हणाले. जवळ गेल्यावर त्यांनी हातमोजा काढून जनावराच्या मानेवर हात ठेवला, आणि रॉय फोटोसाठी थांबायला सांगत होता तरी उठून बाजूला जाऊन उभे राहिले. दुपारभर आम्ही मांस कापून पिशव्यांत भरलं आणि तीन खेपांत तळावर आणलं. माझे खांदे सोलून निघाले. मला ते बरं वाटत होतं.

गावात परतल्यावर दुकानातल्या फोनवरून बाबांनी घरी फोन केला. मी शेजारी उभी होते. आईचा आवाज मलाही ऐकू आला.

"आई गेली. मंगळवारी," ती म्हणाली. आणि मग, "तुमचं सगळं नीट झालं का?"

मंगळवार म्हणजे धुक्याचा दिवस. आई चार दिवस ही बातमी घेऊन त्या घरात एकटी होती. नागपूरला सगळं उरकलं होतं, जाऊन उपयोग नव्हता. आम्ही पोचलो तेव्हा ती दार उघडून बाजूला झाली. बाबांनी हातातलं सामान खाली ठेवलं आणि तिच्यापुढे उभे राहिले. त्या वेळी तिने तो प्रश्न विचारला, अगदी हळू आवाजात.

"अहो, खरं सांगा. तुम्ही त्या माणसाला विचारलं होतं का? पुढच्या वर्षाचं?"

मी दारात होते, पाठीवर सॅक तशीच. बाबा म्हणाले, "नाही. नाही विचारलं."

"मनूने फोन केला होता ना?"

"तिला काही माहीत नाही. पुढच्या वर्षाचं विचारायला मी तिला सांगितलंच नव्हतं."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग आत गेली आणि वरणाला फोडणी द्यायला लागली. मोहरीचा आवाज झाला. मी तोंड उघडलं नाही. पुढे जे झालं त्या सगळ्याचं कारण मी तो फोन धरते. पण खरं तर ते हे आहे, हे अर्धं मिनिट.

त्यानंतर आमच्या घरात भांडण झालं नाही. आई बाबांचं सगळं करत राहिली: डबा, औषधं, इस्त्री. पण त्यांच्याबरोबर जेवायला बसणं तिने सोडलं. कामापुरतं बोलायची आणि थांबायची. मांस वॉल्टरकडे गेलं. बंदूक बाबांनी विकली. त्या ट्रिपचा एकही फोटो कधी भिंतीवर लागला नाही, आणि बाबांनी ती गोष्ट कुणाला, अगदी पार्टीत शिकारीचा विषय निघाला तरी, सांगितली नाही. पाच वर्षं ज्याच्या मागे होते ते त्यांना मिळालं, आणि त्याच्याबद्दल बोलायची सोय उरली नाही.

मी कॅलिफोर्नियाला गेले आणि सुट्ट्यांपुरती येत राहिले. एकदा बाबा मला विमानतळावर सोडायला येत असताना मी म्हणाले, "बाबा, मी आईला सांगून टाकते." त्यांनी गाडीचा वेग कमी केला. "सांगून तुझी आजी येणार आहे का?" ते म्हणाले. "तिला रागवायला कुणीतरी हवंय. मी आहे ना. तू लहान आहेस." मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, आणि मी ते ऐकलं, कारण मला ऐकायचं होतं. लोकांना वाटतं, अशा वेळी प्रेमापोटी माणूस गप्प राहतो. बाबा तसे राहिले असतील. मी भ्यायले होते.

बाबा दोन हिवाळ्यांपूर्वी गेले. त्या शिकारीनंतर बावीस वर्षं जगले. शेवटच्या आजारपणात आईनेच त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं, आणि मी समोर असताना तरी त्यांच्याशी पाण्याचं आणि गोळ्यांचंच बोलली. यंदाच्या मार्चमध्ये मी आठवडाभर तिच्याकडे राहायला गेले होते. ती आता एका लहान अपार्टमेंटमध्ये राहते. सकाळी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो, आणि मी सांगितलं. सगळं, क्रमाने, फोनपासून तंबूपर्यंत.  हातातली काडी तोडायचं तिने थांबवलं होतं.

"म्हणजे बावीस वर्षं," ती शेवटी म्हणाली, "मी ज्याचं काही चुकलं नव्हतं त्याच्याशी बोलले नाही."

मी माफी मागायला लागले तर तिने हात वर केला. उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी मेथी निवडून संपवली. भात लावला. दोन तास झाले असतील. मग ती बाहेर आली, डोळे सुजलेले, पदर नीट खोचलेला, आणि माझ्यासमोर येऊन बसली. मला वाटलं आता ती मला जा म्हणेल. तसं म्हणाली असती तर मी गेले असते.

"मला सांग," ती म्हणाली. "तिथलं. मी त्यांना कधी विचारलंच नाही."

कुठून सुरुवात करावी ते मला कळेना. म्हणून विमानापासून केली. टेकाड, लाल झुडपं, दुर्बिणी. ते अकरा कॅरिबू कसे चालले होते ते सांगितलं. तिने एकदाच थांबवलं.

"थंडी होती का गं फार?"

"हो. त्यांची बोटं वाकत नव्हती."

"त्यांना थंडी सोसायची नाही," आई म्हणाली. "पुढे सांग."